मामाच्या मोटारीचं टप

माझ्या मामाच्या मोटारीचं टप वीतभर खाली आणलं गेलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. करवत मिस्त्रीच्या हातात होती, पण कुठे कापायचं ती रेघ खडूने मी मारली होती. ही एवढीशी गोष्ट मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितली नाही आणि त्यापायी एका चांगल्या कारागिराचं नाव खराब झालं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

मिस्त्री आणि मी लढाईत एकाच ठिकाणी, पलटणीच्या मोटारी दुरुस्त करायच्या कामावर होतो. तो सांगलीकडचा, लोहाराचा मुलगा. मी साताऱ्याकडचा, शेतकऱ्याचा. तो पत्र्यावर हातोडी टेकवायचा तेव्हा पत्रा त्याचं ऐकायचा. मी शेजारी पाना धरून उभा असायचो. माझी लायकी तेवढीच होती, पण बोलण्यात मी पुढे होतो.

इटलीत आमच्या शेजारी अमेरिकन लोकांचं वर्कशॉप होतं. तिथल्या एका सोल्जरच्या खिशात गावाकडचे फोटो असायचे. आमची माणसं खिशात बायकापोरांचे फोटो ठेवत, हा मोटारींचे ठेवायचा. मोटारीसुद्धा जुन्या, मोडीत निघालेल्या. पण त्यांचं केलं होतं काय, तर मडगार्डं काढली होती, दारांखालच्या पायफळ्या काढल्या होत्या, बॉनेट काढून इंजिन उघडं टाकलं होतं आणि टप कापून इतकं खाली आणलं होतं, की मोटार डोळे बारीक करून आपल्याकडे बघते आहे असं वाटावं. याला ‘हॉट रॉड’ म्हणतात आणि त्यांच्याकडची पोरं असल्या गाड्या आटलेल्या तळ्यात नेऊन पळवतात, हे त्याने आम्हाला हातवारे करून सांगितलं.

‘‘आटलेलं तळं पायजे आसंल, तर म्हसवडाकडं या म्हणावं,’’ मिस्त्री मला म्हणाला. ‘‘तिकडं दुसरं हाय काय?’’

थट्टा केली खरी, पण त्या रात्रीपासून त्याचं चित्त त्या फोटोंत अडकलं. माझंही.

लढाई संपली, आम्ही घरी आलो. मिस्त्रीने सांगलीत एका वखारीमागे पत्र्याची शेड टाकली. मी भेटायला गेलो तेव्हा तो एका म्हातारीची गळकी घागर झाळत बसला होता.

‘‘काय मिस्त्री, बरं चाललंय न्हवं?’’

‘‘लय बेस. लढाईत ट्रक हुबं क्येलं, आता घागरी हुब्या करतोय.’’ घागर पाण्यात बुडवून त्याने बुडबुडे पाहिले. ‘‘गड्या, येक मोटार मनासारखी करायला गावली पायजे. चार बागायतदारांनी बघितली, मिस्त्रीनं क्येली म्हणलं, की माझं नाव झालं. न्हाईतर जल्मभर भोकंच बुजवायची.’’

मोटार मिळवून द्यायचं मी कबूल केलं. मामाकडे होतीच.

मामा लोणंदजवळचा. ऊस बराच, बोलणं मोजकं, आणि डोक्यावर फेटा. मामाला मी बिनफेट्याचा तोवर एकदाच पाहिला होता, आजोबा गेले त्या दिवशी. एका संस्थानिकाने काढून टाकलेली जुनी मोटार त्याने हौसेने घेतली होती. तिचं टप एवढं उंच, की आत बसलेला माणूस मखरातल्या गणपतीसारखा दिसे. पेट्रोल रेशनवर, म्हणून मोटार गोठ्याशेजारी उभी असे आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत.

मामेबहिणीचं लग्न सांगलीकडच्या घरात ठरलं. सुपारी फुटली तेव्हा मामा भर बैठकीत बोलून गेला, ‘‘नवरदेव मारुतीच्या देवळापास्नं मांडवापतूर मोटारीतनं यील.’’ मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ‘‘मामा, मोटार माझ्यावर सोडा. माझा मिस्त्री हाय. आशी करून आणतो, की पावण्यांनी बोटं तोंडात घालावी.’’

‘‘कर बाबा,’’ मामा म्हणाला. ‘‘रंग तेवढा हिरवा दे. आन कोंबड्या घालव.’’

मोटार सांगलीला नेली. मडगार्डं निघाली, पायफळ्या निघाल्या, बॉनेटही निघालं. मग टपाची वेळ आली.

‘‘किती खाली घ्यायचं?’’ मिस्त्रीने विचारलं.

मी सीटवर बसलो. पलटणीत गेल्यापासून मी फेटा सोडला होता आणि तेल लावून भांग पाडत होतो. त्या भांगावर चार बोटं आडवी धरली आणि तिथे खडूने रेघ मारली.

मिस्त्री रेघेकडे बघत राहिला. ‘‘तुझं मामा फेटा बांधत्यात न्हवं?’’

‘‘बांधत्यात की.’’

‘‘मग त्यो कुठं ठेवायचा?’’

‘‘आरं, मोटारीत बसल्यावर फेटा मांडीवर घ्यायचा. सायेब न्हवता का हॅट काढून घेत?’’

‘‘घेतील मामा मांडीवर?’’

‘‘मामा माझा हाय का तुझा? काप तू.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पुन्हा विचारलं, की रेघ जरा वर सरकवू का? मी म्हणालो, ‘‘मग टांगाच कर की. त्यो अमेरिकेचा गडी बघंल तर हसंल.’’ तो अमेरिकेचा गडी लोणंदच्या लग्नाला येणार नव्हता, येणार होते फेटेवाले. हे मिस्त्रीला समजत होतं. मला समजत नव्हतं. त्याने माझं ऐकलं, कारण मोटार माझ्या मामाची होती.

सहा आठवडे तो त्या मोटारीवर राबला. रंग शेवटपर्यंत वाळेना, म्हणून ती लग्नाच्या दिवशीच, थेट मारुतीच्या देवळापाशी आणावी लागली. सायलेन्सर आखूड केल्यामुळे ती यायच्या आधी तिचा आवाज आला आणि वाजंत्र्यांनी वाजवायचं थांबवलं.

पहिली पाच मिनिटं सोन्याची होती.

‘‘आबाबा! बेडकावानी बसलीय रं!’’

‘‘बेडूक न्हवं, नाग म्हण. दात कसं बाहीर काढल्यात बघ.’’

‘‘त्ये दात न्हवं, इंजान हाय.’’

‘‘कुणी क्येली म्हणायची?’’

‘‘सांगलीचा मिस्त्री हाय. त्यो काय, तितं हुबा हाय.’’

मिस्त्री हात पुढे बांधून उभा होता. पंचक्रोशीतले सगळे बागायतदार त्याच्याकडे बघत होते. एकाने तर, ‘‘आमचा बी येक ट्रक हाय, बघाल का?’’ असं विचारलंसुद्धा. मिस्त्रीने माझ्याकडे पाहून जरासं हसून घेतलं.

मग नवरदेव देवळातून बाहेर आला. चांगला उंच गडी. डोक्याला जरीचा फेटा आणि कपाळावर उभं, तुरेवालं कागदी बाशिंग. आमच्याकडे बाशिंग एकदा बांधलं की अक्षता पडेपर्यंत सोडत नाहीत. सोडलं, फाटलं, तर तो अपशकुन.

नवरदेव वाकला. कर्र्र असा कागदाचा आवाज झाला आणि करवली किंचाळली. नवरदेव उभा राहिला. मग त्याला उलटा करून, पाठीकडून आत घालून पाहिलं. मग तिरका. मग कुणीतरी सीटच काढली आणि नवरदेवाला मोटारीच्या तळावर बसवलं. तेव्हा तो मावला, पण बाहेरून खिडकीत बाशिंगाचे दोन तुरे तेवढे दिसत होते.

नवऱ्याचा चुलता कमरेवर हात ठेवून बघत होता. ‘‘आवं पावणं, नवरदेव हाय का गुळाची ढेप? तळाला घालून न्हेताय?’’

‘‘पायफळीवर हुबं करा की,’’ कुणी सुचवलं. पायफळी आम्ही काढली होती.

‘‘मग बॉनेटवर बसवा.’’ बॉनेटही आम्ही काढलं होतं आणि इंजिनावर भाकरी भाजली असती.

‘‘टपावर बसवा!’’

‘‘आन खाली पडला म्हंजी?’’ नवऱ्याची आत्या म्हणाली. ‘‘पोरीनं माळ कुणाला घालायची, मिस्त्रीला?’’

लोक हसले. मामा हसला नाही. सर्वांसमोर दिलेला शब्द जात होता. तो पुढे झाला. ‘‘आवं, बसतंय की. जरा आसं वाकायचं—’’ असं म्हणून तो स्वतः वाकून आत शिरू लागला. टपाची कड फेट्याला लागली आणि फेटा मागच्या मागे सुटून मारुतीसमोरच्या धुळीत पडला.

मामा बाहेर आला. त्याच्या डोक्याची कातडी पांढरी, कपाळ काळं, असं दोन रंगांचं डोकं सगळ्या पाहुण्यांनी पाहिलं.

‘‘माप कुणी घ्येतलं हुतं?’’ मामाने हळू आवाजात विचारलं.

मी खाली वाकलो, फेटा उचलला आणि झाडायला लागलो. धूळ गेली तरी झाडत राहिलो. मग मान वर करून मिस्त्रीकडे बघितलं. बोललो काहीच नाही, नुसतं बघितलं. माझ्या बघण्यामागोमाग सगळ्यांनी तिकडे बघितलं.

मिस्त्री माझ्याकडे बघत थोडा थांबला. मी झाडतच होतो. मग तो म्हणाला, ‘‘चुकलं, मालक.’’

नवरदेव शेवटी बैलगाडीतून निघाला. मामाचा शब्द राहावा म्हणून मोटार पुढे चालवायची ठरली आणि अगदीच रिकामी नको म्हणून सीट परत बसवून तिच्यावर नारळ ठेवला. मांडवाशी पोचल्यावर नवऱ्याचा चुलता मामाला म्हणाला, ‘‘पावणं, सबूद पाळला. मोटार आली. नवरा गाडीत बसला, नारळ मोटारीत बसला.’’

मिस्त्रीला पंगतीत कुणी बस म्हटलं नाही. किल्ली माझ्या हातात देऊन तो लोणंद स्टेशनाकडे उपाशी चालत गेला. मी जेवलो. बुंदीचे लाडू चांगले झाले होते हेसुद्धा मला आठवतं, आणि याची मला जास्तच लाज वाटते.

पुढच्या लग्नसराईपर्यंत तालुक्यात म्हण पडली. शिंप्याने सदरा तोकडा शिवला की, ‘‘ह्ये काय मिस्त्रीचं माप हाय व्हय?’’ सुताराने चौकट बुटकी केली, कासाराने बांगडी लहान दिली, की ‘मिस्त्रीचं माप’. ट्रक दाखवणारा बागायतदार परत गेला नाही. आमच्या बाजूचं एक कामही सांगलीच्या त्या शेडमध्ये गेलं नाही. प्रत्येक वेळी ती म्हण ऐकून मी इतरांबरोबर हसायचो.

चाळिशीच्या आसपास एकदा मी तापाने आजारी पडलो आणि मरतो की काय असं वाटलं. उठल्यावर पहिला मामाकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

मामाने शांतपणे ऐकलं आणि मामीला हाक मारली. ‘‘आगं, बघितलंस का? दोस्तासाठी कसा दोष आपल्या अंगावर घ्येतोय!’’

‘‘लय गुणाचा हाय पयल्यापास्नं,’’ मामी म्हणाली आणि शिरा करायला उठली.

‘‘मामा, खरंच सांगतोय. खडू माझ्या हातात हुता.’’

‘‘व्हय रं बाबा, व्हय. मोठ्या मनाचा हाईस.’’

खाऊ नये असं वाटत असताना मी तो शिरा खाल्ला. आठवड्याभरात ही कहाणी सगळीकडे झाली. माझं नाव वर गेलं. मिस्त्रीचं आणखी खाली, कारण एवढ्या मोठ्या मनाच्या दोस्ताला त्याने गोत्यात आणलं होतं.

मग मात्र मी सांगलीला गेलो. मिस्त्री आता विहिरीवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करत होता. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाला, ‘‘पाय सोड, ग्रीस लागंल.’’ त्याला माझा राग नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. ‘‘परवा तुमच्याकडचा येक जण चुकून आला. पिस्टनची रिंग बसंना, तर माझ्याच शेडमदी मला म्हणतोय, मिस्त्रीचं माप हाय व्हय? त्याला म्हाईत न्हाई त्यो मिस्त्री मीच. मी काय बोलू?’’ हात पुसत तो पुढे म्हणाला, ‘‘तुझं मामा तुझं ऐकायचं न्हाईत. त्यांना म्हणावं, टपाखालचं चारी खांब मोजून बघा. बाकी काय बोलू नगंस.’’

मोटार अजून गोठ्याशेजारी होती, कोंबड्यांसकट. मामाला मोजायची आवड मोठी. उसाच्या सऱ्यासुद्धा तो दोरी लावून मोजायचा. टेप घेऊन त्याने चारी खांब मोजले. मग विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजले. मग चष्मा लावून जोड शोधायला लागला, कापून पुन्हा कुठे सांधलंय ते. बोटाला लागेना, म्हणून नखाने ओढून पाहिलं.

‘‘केसाचा फरक न्हाई,’’ तो म्हणाला.

‘‘न्हाई.’’

मामाने टेप गुंडाळली आणि माझ्याकडे बघितलं. ‘‘जो माणूस केसभर चुकत न्हाई, त्यो वीतभर कसा चुकंल रं?’’

मी माझ्या भांगावर चार बोटं आडवी धरून दाखवली.

‘‘आगं ए!’’ मामाने आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली. ‘‘ह्याला त्या दिशी शिरा घातला हुतास न्हवं? फुकट ग्येला त्यो!’’

त्या वर्षी धाकट्या मामेभावाचं लग्न होतं. मामा स्वतः सांगलीला जाऊन मिस्त्रीला अक्षता देऊन आला आणि पंगतीत त्याला शेजारी बसवून घेतलं. लाडू वाढून झाल्यावर मामाने पंगतीत उभं राहून सगळ्यांना ऐकवलं, की माप ह्या माणसाचं नव्हतं, माझ्या भाच्याचं होतं. लोकांनी माझ्याकडे बघितलं. झाडायला हातात फेटा नव्हता. मिस्त्रीने तेवढ्यात दुसरा लाडू मागितला.

आता लोणंदच्या बाजारात वस्तू आखूड निघाली की ‘भाच्याचं माप’ म्हणतात. माझ्या बायकोला ते आवडत नाही, पण मला हायसं वाटतं. खंडाळ्याकडे मात्र बातमी नीट पोचलेली नाही, तिकडे अजून मिस्त्रीचंच नाव घेतात. त्या बाजूला गेलो आणि कुणी तसं म्हटलेलं कानावर आलं, की मी थांबतो आणि दुरुस्त करतो. मिस्त्रीचं नव्हे, भाच्याचं म्हणा. परवा एक कापडवाला चिडून म्हणाला, ‘‘तुमी कोण लागून ग्येला सांगणारं?’’

‘‘भाचा,’’ मी म्हणालो.