दादांना वाचून दाखवणारा

भुताखेतांवर माझा काडीमात्र विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून आहे. देवाची शपथ घेऊन धडधडीत खोटं बोलणारी माणसं रोज ऐकतो... तेव्हा ‘मी स्वतः अनुभवलं’ असं कोणी म्हटलं की मला आधी हसू येतं. हडळ, मुंजा, खवीस यांची माझी ओळख फक्त नावलांतली, म्हणजे कादंबऱ्यांतली, आणि तिथेही शेवटच्या प्रकरणात पांढऱ्या कपड्यांतलं भूत म्हणजे कोणी चोरच निघतो.

नावलांचं वेड मात्र मला आणि माझ्या थोरल्या बंधूंना – दादांना – सारखंच. खून, भुयार, विषाचा पेला, पाळण्यात बदललेलं मूल... शहाणी माणसं नाकं मुरडतात. मुरडोत बापडी. आमचे आवडते ग्रंथकार तर असे बेरकी, की दारावर थाप पडली रे पडली की प्रकरण संपवतील, आणि महिनाभर आपला जीव टांगणीला. दादा त्यांना मनापासून शिव्या द्यायचे आणि पुढच्या अंकाची वाट पाहायचे.

दादा कल्याणात राहायचे, पारनाक्याजवळ. तांदळाच्या वखारीवर कारकुनी करण्यात आयुष्य गेलं. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पडला आणि पाठोपाठ छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं. वहिनींना अक्षरओळख नाही, घरात तिसरं माणूस नाही. म्हणून मासिक पुस्तक टेंभी नाक्यावर माझ्या घरी टपालाने यायचं, आणि मी रविवारी आगगाडीने कल्याणला जाऊन ते दादांना वाचून दाखवायचो. आमचा एक नियम होता. छापखान्यातून पानं कडेला जोडलेलीच येतात, ती फाडून घ्यावी लागतात. तो मान दादांचा. बांबूची धारदार कामटी घेऊन, बोटांनी चाचपत ते एकेक पान मोकळं करायचे. तोवर मी आत डोकावायचं नाही. कधी डोकावलोही नाही – आणि हे किती कठीण, ते माझ्यासारख्या वाचकालाच कळेल.

त्या वर्षी एका सरदाराच्या खुनाची गोष्ट चालू होती. माझा संशय दिवाणावर, दादांचा जावयावर. पावसाळा सरता सरता दादांचं अन्न तुटलं. वैद्यबुवा ओसरीवर येऊन माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले. दादांचं मात्र एकच म्हणणं – ‘बापू, खुनी कोण ते कळू दे, मग काय व्हायचं ते होवो.’ मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटचा अंक दादा असेपर्यंत यावा, एवढंच मनात होतं.

तो शुक्रवारी आला. रविवारी सकाळच्या गाडीने कल्याण गाठलं, तर दादा लोडाला टेकून बसलेले, चेहऱ्यावर तरतरी. मी पिशवीत हात घातला तसे म्हणाले, ‘आता परत कशाला? काल वाचलंस ना सगळं. दाई निघाली रे खुनी. आपण दोघंही फसलो.’

आणि दाईने कबुली कशी दिली, कुठल्या चौकात फाशी गेली, सगळं सांगून मोकळे झाले. शनिवारी दिवस मावळेपर्यंत मी कोर्टात होतो. तापात बरळताहेत असं वाटलं. खरं सांगायचं तर रागही आला... आजारी झाला म्हणून काय माणसाने दुसऱ्याला शेवट सांगून टाकायचा? उठून वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, काल दुपारी खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता, तुम्हीच मागच्या दाराने आलात असं समजून मी निवांत तांदूळ निवडत बसले. न भेटता गेलो म्हणून थोड्या रुसल्याही होत्या. मी त्यांची समजूत मोडली नाही. घाबरल्या असत्या.

खोलीत येऊन अंक दादांच्या हातात दिला. पानं जोडलेलीच होती. त्यांनी कडा पुन्हा पुन्हा चाचपल्या. मग कामटी मागितली, पानं फाडून दिली. मी वाचलं. खुनी दाईच. कबुली तीच, चौक तोच. शेवटी सरदाराच्या मुलीचं लग्न, आणि समाप्त.

मी अंक मिटला.

‘आणि दाईचा मुलगा?’ दादांनी विचारलं.

‘कोण मुलगा?’

‘अक्षता पडतात आणि हा मांडवाच्या दाराशी येऊन उभा राहतो, तो. तिथेच तर थांबलास काल. म्हणालास, उरलेलं पुढच्या खेपेला.’

दाईला मुलगा असल्याचं त्या गोष्टीत पहिल्या अंकापासून कुठेही नाही. नंतर मी चौकशी केली. कल्याणात हे मासिक घेणारे दुसरे एकच, एक वकील. त्यांचा अंक सोमवारी पोचला. आणि लवकर पोचला असता तरी त्यात हा मुलगा कुठून येणार?

त्याच आठवड्यात, बुधवारी दुपारी दादा गेले. निरोप आला तेव्हा मी कोर्टात एका साक्षीदाराची जबानी लिहून घेत होतो.

या साऱ्याचा उलगडा मला आजही झालेला नाही. आवाज कोणाचा, तो काय वाचत होता, मला ठाऊक नाही. भीती वाटली नाही. हेवा वाटला. दादांना वाचून दाखवणं हे माझं काम होतं.

तेराव्यानंतर मी ठाण्याला निघालो तेव्हा वहिनी दाराशी आल्या.

‘भावजी, एक विचारू? बुधवारी तुमचं वाचणं चालू होतं म्हणून मी आत आले नाही. आवाज थांबला तशी पेज घेऊन आले, तर यांच्या तोंडावर हसू होतं, अंग ऊन होतं... आणि तुम्ही नव्हता. थोडं थांबला का नाहीत?’

माझे डोळे भरून आले.

‘गोष्ट संपली होती, वहिनी,’ मी म्हटलं. ‘आणि गाडीची वेळ झाली होती.’