सहा बायांची मोटर

"कोन झोपलं रे?" असं इंजिनालाच विचारत मिस्त्री बॉनेट उघडायचा. मग चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघायचा. काढल्यावरही आवाज बदलला नाही, तर झोपलेला तोच. तुम्हीही असा कोणी पाहिला असेल.

उमरखेडला आमच्या घराला लागून त्याचं टिनाचं शेड होतं. बंजारा तांड्यावरचा माणूस, आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहणारे. बढाया फार मारायचा आणि पुष्कळदा चुकायचाही.

आमचे हे वकिलांची जुनी मोटर चालवायचे. ती चढावर हिसके देऊ लागली. वकील म्हणाले, "तुम्हीच बिघडवली. रविवारपर्यंत नीट करा, नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर पाहतो." घरात चार लेकरं. मला घास गिळवेना.

मिस्त्रीनं प्लग बदलले. शेडात मोटर गुमान चालली, चढावर पुन्हा तेच. शनिवारी तो दारात हजर.

"वैनी, चाला. शेजारच्या बायाही घ्या."

"कायले?"

"वजन पाहिजे. रिकाम्या गाडीत सारेच प्लग गुणाचे. लादल्यावर समजते कोन ओढत नाही. बाया जाडजूड पाहून आनजा."

"तुह्या जिभेले हाड आहे का?"

हे स्टिअरिंगवर, आम्ही सहाजणी कोंबून बसलो. मोटरीत कोणीच कधी बसलेली नव्हती. चढ लागला, हिसके सुरू झाले. मिस्त्री बाहेरच्या पायदानावर उभा, बॉनेटची बाजू उघडी, वायरींवरून हात फिरवत होता.

"याडी ये!" अशी त्याच्या बोलीत आईला हाक मारून तो नालीत पडला. आम्ही किंचाळलो. तो हसतच उठला. "सापडली! चावली मले!"

एका वायरीचं कातडं फाटलं होतं, तिथंच त्याला झटका बसला होता. ओझं आलं की ठिणगी प्लगापर्यंत न जाता तिथूनच लोखंडात पळायची. त्यानं नवी वायर लावली. आम्हा सहाजणींना घेऊन मोटर सरळ चढली. वर आपल्या घरासमोर वकील उभे.

"ही काय जत्रा आहे?"

"साहेब, सहा बाया ओढल्या तिनं. तुम्ही तर एकटेच."

ह्यांचे हात स्टिअरिंगला चिकटलेले. वकील हसले नाहीत. थोडा वेळ इंजिन ऐकत राहिले, मग ह्यांना म्हणाले, "उद्या लवकर या. पुसदला जायचंय."

त्या रात्री मी पोटभर जेवले.

पुढे मिस्त्री झरी जामणीकडे, जंगलातल्या लॉऱ्यांवर कामाला गेला. शेडही उठलं. एकदा मोटर पुन्हा फटफट करू लागली, तर हे सवयीनं ती त्याच मोकळ्या जागी घेऊन आले आणि हॉर्न वाजवत बसले.

मी बाहेर येऊन म्हटलं, "काहो, कोनाले बोलावून राह्यले?"