गॅलरीतलं जीवामृत

मी कृषी खात्यातून निवृत्त झालो तेव्हा मुलानं मला वेगळीच भेट दिली. एकाखाली एक बसवलेले पांढरे पाइप, त्यांना ओळीनं भोकं, भोकांत बसणारे जाळीचे पेले, खाली पाण्याची टाकी आणि ते पाणी वर चढवणारा छोटा पंप. "बाबा, याला माती लागत नाही," म्हणाला. गॅलरीत सगळं जोडून दिलं, पाण्यात मिसळायच्या क्षारांच्या पुड्या हातात ठेवल्या आणि पुण्याला नोकरीवर परत गेला. माझी पत्नी आधीच वारलेली. मुलगा येई तो रविवारी, एरवी आठवडाभर संगमनेरच्या घरात मी आणि सून, दोघंच.

सून दातांची डॉक्टर आहे. खाली तिचा दवाखाना, वर आमचं राहणं. दवाखान्यात शिरण्याच्या दाराशी पेशंटांसाठी एक बाकडं असे, आणि त्याच्या बरोबर वर ही गॅलरी.

पुड्यांवर पालक छान आला. तरी मला त्या पुड्या खुपत होत्या. सगळी नोकरी मी प्रवरेच्या काठानं गावोगाव हिंडत लोकांना सांगत आलो होतो की रासायनिक खत कमी करा, जीवामृत वापरा. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती पाण्यात कालवायची, ड्रम झाकायचा, रोज काठीनं ढवळायचं. आणि आता मीच माझ्या घरात पुडी फोडून भाजी पिकवणार? मी शेजारच्या गल्लीतल्या गोठ्यातून शेण-गोमूत्र आणलं आणि गॅलरीच्या कोपऱ्यात ड्रम मांडला. आंबलेलं पाणी जुन्या धोतरातून एकदा गाळलं आणि टाकीत ओतलं.

सुरुवातीला काही बिघडलं नाही. मग पाण्यावर फेस धरायला लागला. पालकाची पानं पिवळी पडली. पेला उचलून पाहिला तर पांढरीशुभ्र मुळं तपकिरी होऊन बुळबुळीत झालेली. मला वाटलं, खुराक कमी पडतोय. मी आणखी ओतलं.

"बाबा, कसला वास येतोय हो?" सुनेनं एकदा जेवताना विचारलं.

"कुठं? टाकीत नुसतं पाणी आहे," मी म्हणालो.

खोटं बोलावं असं काही ठरवलं नव्हतं. पण ड्रममध्ये काय आहे ते सांगितलं तर ती नको म्हणेल, आणि आपल्या विषयात आपल्याला कुणी नको म्हणावं, हे मला सोसणारं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं नाही. त्या आठवड्यात तिनं फिनेलच्या बाटल्या आणल्या, दवाखान्यातल्या बेसिनचा पाइप उघडून घेतला, गटाराचं झाकण काढायला माणूस बोलावला. मी वरून बघत होतो. तिची ही धावपळ आणि माझा ड्रम, या दोन गोष्टी मी एकमेकींना जोडल्या नाहीत. खरं तर जोडायच्या नव्हत्या.

मग एके दिवशी सकाळी मी गूळ आणायला बाजारात गेलो होतो. परत येताना फाटकापासूनच कुणाचा तरी ओरडा ऐकू आला. वर पाहिलं तर गॅलरीच्या पन्हाळीतून काळपट हिरवी धार पडत होती. चोथ्यानं पाइपाचं तोंड बुजलं होतं. पंप मात्र पाणी चढवतच होता, ते भोकाभोकातून उतू जाऊन गॅलरीभर पसरलं होतं आणि पन्हाळीनं खाली कोसळत होतं. थेट बाकड्यावर.

बाकड्यावर एक बाई बसली होती. अंगावर फिकट आबोली रंगाची नवी साडी. दाढ काढायची म्हणून सुनेनं तिला बधिरतेचं इंजेक्शन देऊन थोडा वेळ बाहेर बसवलं होतं. ती डोक्यापासून भिजली होती. तिचा एक गाल लोंबत होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता, नुसताच "आँ, आँ" असा आवाज. ओरडत होते ते बाकीचे लोक. मी गुळाची ढेप छातीशी धरून तसाच उभा.

बाजूला सरकलेल्या एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं. मग आपल्या बाहीचा वास घेतला.

"साहेब, तुमी शेतीचे साहेब ना? आमच्या गावाला यायचे? अहो, हे तर जीवामृत हाय!"

"जीवामृत?" कुणीतरी म्हणालं. "दवाखान्यात?"

"साहेबांनीच तर शिकिवलं हुतं आमाला," म्हातारा हसत सगळ्यांना सांगू लागला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. जुनी ओळख निघाल्याचा त्याला आनंदच झाला होता. पण लोक माझ्याकडे वळले, मग वर गॅलरीकडे पाहू लागले, मग पुन्हा माझ्याकडे. माझे कान तापले.

सून बाहेर आली. तिनं एका नजरेत सगळं पाहिलं. बाईचा हात धरून तिला वर आमच्या घरात नेलं, अंघोळीला पाणी दिलं, स्वतःची साडी दिली. खाली येऊन बाकीच्यांची माफी मागितली, म्हणाली, "वरचा पाइप फुटला," आणि दवाखाना बंद केला. मग बादली घेऊन पायऱ्या घासायला बसली. डॉक्टरचा पांढरा कोट काढायचंही तिला सुचलं नव्हतं.

"दे इकडं, मी घासतो," मी म्हणालो.

"नको बाबा. तुम्ही बसा."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी वर गेलो, पंपाचं बटण बंद केलं आणि खुर्चीत बसून राहिलो. खालून खराट्याचा आवाज येत राहिला.

भिजलेली साडी न्हाणीघरात पडली होती. ती मी धुतली. आधी साबणानं, मग लिंबू चोळून, मग पुन्हा साबणानं. काठाजवळचा डाग फिका झाला, पण गेला नाही. सावलीत वाळवली, घडी केली आणि सुनेकडून बाईचं गाव विचारून घेतलं. "मीच नेऊन देतो," म्हणालो. तिनं फक्त मान हलवली.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्यानं खिडकी उघडली आणि मला वाटलं, साडीच्या वासानंच उघडली.

बाईचं घर मळ्यात होतं. दूध घालून माणसं नुकतीच परतली होती, ओसरीवर चहा चालला होता. मी कोण ते सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "बसा की काका." आणि मग घरच्यांना तिनं ती हकिगत माझ्यासमोर पुन्हा सांगितली. "मला वाटलं आभाळच फुटलं! वरडावं म्हणलं तर तोंडच उघडंना, निम्मं तोंड माझं न्हाईच!" सगळे पोट धरून हसले. मी कपबशी खाली ठेवली.

तिच्या सासूनं साडी उलगडली, डाग पाहिला, नाकाला लावली. "भावानं दिवाळीला घेतलेली हुती," एवढंच म्हणाली.

"मी दुसरी—"

"राहू द्या," बाई म्हणाली. "शेणाचंच हाय, आमी काय त्यात नवे न्हाई." मग मला सोडायला फाटकापर्यंत आली. घरच्यांपासून लांब आल्यावर तिचा आवाज बदलला. "काका, एक सांगू? डॉक्टरीनबाई त्या दिवशी लई रडल्या. मला साडी नेसवताना. माझं तोंड बधिर, मला 'का रडता' म्हणून इचारताबी येईना."

लोकांचं हसणं मी गिळलं होतं. हे गिळता आलं नाही.

घरी आलो तेव्हा सून खालचा दवाखाना झाडत होती. मी दारातच उभा राहिलो आणि त्या दिवशी ती का रडली ते विचारलं.

तिनं झाडू भिंतीला टेकवला. मग म्हणाली, "आठ दिवस पेशंट नाक धरून बसत होते, बाबा. एकीनं विचारलं, मॅडम, तुमची हत्यारं नीट धुता ना? मी सगळं दोन-दोनदा उकळत होते. रात्री झोप येत नव्हती. मला वाटत होतं, चूक माझीच आहे, माझ्याच दवाखान्यात काहीतरी सडतंय. आणि वर विचारलं तर तुम्ही म्हणालात, नुसतं पाणी आहे."

"चुकलो," म्हणालो. या घरात तो शब्द मी कधी वापरला होता असं आठवत नाही. तो जिभेवर अवघडल्यासारखा आला.

"पाइप काढून टाकतो उद्या," मी म्हणालो.

"काढू नका. परसात न्या. आणि नीट करा."

परसात नेले. शेतात हाच ड्रम ओतला की चोथा काय, वास काय, जमीन सगळं पोटात घेते. पाइपात जमीन नाही. तिथं चोथा मुळांना गुदमरवतो, आणि तो आधी बाहेरच कुजून संपावा लागतो. एवढी साधी गोष्ट मी इतक्या वर्षांच्या नोकरीच्या जोरावर विचारातच घेतली नव्हती. आता ड्रममध्ये माशांच्या टाकीचा हवेचा पंप सोडलाय, बुडबुडे अखंड चालतात. उग्र वास जाऊन ओल्या मातीचा वास येईपर्यंत थांबायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं चहाच्या रंगाचं पाणी तीनपदरी फडक्यातून गाळायचं आणि भरपूर साध्या पाण्यात मिसळायचं. पालक पुन्हा आला. पुड्यांवर आला होता तितका भरदार नाही.

टाकीत ओतण्याआधी मी तांब्याभर पाणी सुनेकडे नेतो. पेशंट नसताना, मागच्या दारानं. ती हातमोजे काढते, वाकून वास घेते, आणि मान हलवते, होकाराची किंवा नकाराची. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघू शकत नाही, फरशीकडे बघतो. परवा तिनं नाही म्हटलं. माझ्या नाकाला तर तो वास बरा वाटत होता. मी अख्खा ड्रम नारळाच्या बुंध्याशी ओतला आणि नव्यानं शेण भिजत घातलं.