कोनाड्यातलं ढेकूळ

आमच्या ओसरीच्या भिंतीत एक कोनाडा होता. लोकांच्या घरी अशा कोनाड्यात दिवा असतो. आमच्याकडं मातीची ढेकळं असत, पळसाच्या पानावर ठेवलेली. लग्न होऊन आले तेव्हा माहेराहून आणलेली दोन-तीन पुस्तकं मी तिथं ठेवली होती. सासूबाईंनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काढ बाई ते. लोकांची शेतं हाईत तिथं."

माझे यजमान औंढ्यात जमिनीची आणि घरांची दलाली करत. हा धंदा आमच्याकडं तोंडीच चाले. घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं जमत आलं की देणारा आपल्या शेतातलं एक ढेकूळ आणून दलालाच्या हातावर ठेवी. कचेरीत कागद होईपर्यंत ते दलालाच्या घरी राही, आणि ते तिथं आहे तोवर मालक त्या शेताविषयी दुसऱ्या कुणाशी बोलत नसे. बोलणं फिसकटलं, तर दलाल स्वतः अनवाणी जाऊन ढेकूळ परत देई. मग मालक मोकळा. घरातल्या दुसऱ्या कुणी ते न्यायचं नाही, असा दंडक होता. घरचं माणूस ढेकूळ घेऊन दारात आलं, तर त्याचा अर्थ एकच असे, की दलाल वारला.

गावाला जायचं झालं की यजमान आदल्या दिवशी फेरीला निघत. ज्यांचं ज्यांचं काम मध्यावर आहे त्यांच्या दारात जाऊन आपण असणार नाही हे सांगायचं, परत कधी येणार तेही सांगायचं. निरोप कधी पाठवला नाही. दारात उभ्यानंच बोलायचं, बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. "बसलं की माणूस धरून ठेवतो, अन् पाणी घेतलं की नवं बोलणं काढतो," असं ते म्हणत. परत आल्यावर मात्र त्याच घरी जाऊन बसायचं, पाणी मागायचं. पाणी मागितलं की लोक समजत, दलाल आला, आता बोलायला हरकत नाही.

यात एक गंमत होती, ती मला दोनेक वर्षांनी कळली. परत येण्याचा दिवस ते सगळ्यांना सारखा सांगत नसत. सगळी एकाच दिवशी दारात आली तर घेणारा आणि देणारा समोरासमोर येणार आणि आठवडाभर जमवलेलं घटकेत मोडणार. म्हणून कुणाला बाजाराचा दिवस, कुणाला एकादशी, कुणाला अमावास्या. ज्याला फार घाई, त्याला सगळ्यात लांबचा दिवस. "त्याला लांबचा सांगावा अन् आधी जावं. माणूस खुश होतो," असं ते हसून सांगत.

घरात मात्र काहीच सांगत नसत. निघणाऱ्या माणसाला कुठं आणि कधी विचारू नये, अशी सासूबाईंची शिस्त. आणि ते आपणहून बोलतील तर शपथ. नवरा कुठं गेलाय हे मला येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून कळे. साखऱ्याचा एक शेतकरी नेहमी येई. बोलघेवडा माणूस. ओसरीच्या पायरीवर टेकून म्हणे, "वहिनी, जवळ्याच्या बाजाराला गेलेत, परवा येऊन राहिले. तुमाला सांगितलं न्हाई व्हय? बरं हाय बुवा! आमची मंडळी तर मी बांधावर गेलो तरी इचारते, कवा येता."

मी आतून म्हणायची, "त्यांना सांगा, विचारू नका. विचारलं की बांधावरसुद्धा उशीर होतो."

तो मोठ्यानं हसे. सासूबाई आतून खाकरत. ते दिवस आता मला कुणाच्या तरी दुसऱ्याच घरातले वाटतात.

सत्तेचाळीस साल सरलं आणि आमच्याकडची हवा बदलत गेली. निजामाचं राज्य होतं. गावोगावची माणसं घरं सोडून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात जाऊन राहू लागली. जाणाऱ्याला विकायचं असे आणि घेणाऱ्याला धीर नसे. कोनाड्यात ढेकळं वाढली, कागद होईनात. अठ्ठेचाळीसच्या आषाढात यजमान, कधी नव्हे ते, आपणहून म्हणाले, एक मालक वाशीमकडं जाऊन बसलाय, त्याला भेटल्याशिवाय अडलेली कामं सुटायची नाहीत. नदीला पाणी होतं. विचारायचं नसतं, एवढंच मला शिकवलेलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशीच्या फेरीत त्यांनी ढेकळं बरोबर नेली. आपण नसताना काळ कसा जाईल याचा भरवसा नाही, मालक मोकळे असलेले बरे, असं त्यांच्या मनात असावं. एकेक ढेकूळ ओंजळीत घेऊन ते अनवाणी जात आणि रिकाम्या हातानं येत. संध्याकाळपर्यंत कोनाड्यात एकच उरलं. ते पिंजारी चाचांचं होतं.

चाचा म्हातारे. आमच्या घरामागच्या गल्लीत राहायचे, गाद्या-दुलयांचा कापूस पिंजायचे. ओढ्याकाठी त्यांचा जमिनीचा लहानसा तुकडा होता. तो विकून दोघं नवराबायको हैदराबादेला लेकीकडं जाणार होती. त्यांचं सगळं ठरलेलं होतं, फक्त कागद बाकी. "चाचांचं राहू दे. आलो की पहिलं तेच काम," असं यजमान सासूबाईंना म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. छत्री घेतली होती. पाऊस नव्हता.

नागपंचमी झाली. साखऱ्याचा शेतकरी आला, पायरीवर बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "मला पंचमीच्या आत येतो म्हणले होते."

मी म्हणाले, "दुसऱ्या कुणाला पुढचा दिवस सांगितला असेल."

"व्हय व्हय, असंल की," तो लगेच म्हणाला आणि खाली बघत निघून गेला.

त्यानंतर माझं तेच काम झालं. कुणी गिऱ्हाईक दारात आलं की मी विचारायची, तुम्हाला कोणता दिवस सांगितलाय? एकाला गोकुळअष्टमी सांगितली होती. ती आली आणि गेली. एकाला पोळा. पोळ्याला मी बैलांसाठी पुरण केलं, चार घरच्या बैलजोड्या दारात आल्या, ओवाळल्या, आणि दिवस मावळला. नदीकाठच्या गावांत सासूबाईंच्या भावानं चौकशी केली. कुणी म्हणे त्या दिवसात नाव उलटली होती, कुणी म्हणे सरहद्दीच्या नाक्यावर काही माणसं धरून नेली, त्यांचं पुढं काय झालं माहीत नाही. छत्रीवाला माणूस पाहिला, असंही एक जण म्हणाला. आषाढात छत्रीवाली माणसं कितीतरी असतात.

चाचा रोज येत. ओसरीसमोरून जाताना एकदा कोनाड्याकडं बघत, मग मला विचारत, "बेटी, तबियत बरी हाय ना?" ढेकळाबद्दल कधी बोलले नाहीत. पोळ्यानंतर मीच विचारलं, "चाचा, तुम्हाला कोणता दिवस सांगितलाय?"

त्यांनी कोनाड्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "मला बकरीद सांगितली, बेटी. अजून लई दिस हाईत."

मला केवढा आधार वाटला म्हणून सांगू! सगळ्यात घाई चाचांना. सगळ्यात लांबचा दिवस त्यांनाच सांगितलेला असणार. हे धंद्याच्या रीतीला धरूनच होतं. मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कोनाड्याकडं हात जोडले. त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर जेवलो.

भाद्रपदात निजामाचं राज्य गेलं. तोफा आम्ही ऐकल्या नाहीत. झेंडा बदलला, एवढं पाहिलं. मग तिकडं गेलेली माणसं परत येऊ लागली. रोज कुणाची तरी बैलगाडी वेशीत शिरे. मी दाराआडून बघत राही. आणि घरामागची गल्ली रिकामी होऊ लागली. आधी एकांनी घरं सोडली होती, आता दुसऱ्यांनी. कुलपं तीच वाटत. चाचांचा जावई त्यांना न्यायला आला. जवळा बाजारचा दुसराच एक व्यापारी ओढ्याकाठचा तुकडा घ्यायला तयार होता, लगेच कागद करायला तयार होता. गल्लीतल्या लोकांनी चाचांना सांगून पाहिलं. चाचांचं उत्तर मला शेजारणीनं सांगितलं. "माझं ढेकूळ तिथं हाय. मी कसा बोलू?"

जावई चार दिवस राहून एकटाच परत गेला.

दसरा जवळ आला होता. चाची आमची पिंजून भरलेली दुलई घेऊन आल्या. त्यांनीच खांद्यावरून आणली. चाचांना आता बाजारातून चालणं जड जात होतं, लोकांच्या नजरा बदलल्या होत्या. मी त्यांना बसवलं. बकरीद आठवड्यावर आली होती, म्हणून मी त्या विषयावर आले. म्हणाले, "चाची, आता थोडेच दिवस. बकरीदला येतील म्हणालेत ना."

चाचींनी माझ्याकडं बघितलं. "बकरीद? बकरीद काहून, बेटी? रोजे चालू व्हते तवा आले ते दारात. म्हणले, तुमच्या रमजान ईदच्या आधी येतो, शीरखुर्मा ठेवा मला. मी वाटी झाकून ठेवली व्हती ना. दोन दिस ठेवली. मग यांनी म्हणलं, टाक आता."

बोलता बोलता त्यांना माझा चेहरा दिसला असावा. "यांनी तुला बकरीद सांगितली?" मी मान हलवली. मग बराच वेळ दोघी दुलईच्या टाक्यांवरून बोट फिरवत बसलो. शेवटी चाची म्हणाल्या, "लई खोटारडा म्हातारा हाय. जल्मभर खोटं बोलला न्हाई, अन् आता बोलायला लागला." आणि पदरात तोंड घालून रडल्या.

रमजान ईद नागपंचमीच्याही आधी झाली होती. म्हणजे चाचांना लांबचा दिवस सांगितलाच नव्हता. सगळ्यांत जवळचा, खरा दिवस सांगितला होता, कारण परत आल्यावर पहिलं काम त्यांचंच करायचं होतं. तो दिवस टळला हे चाचांना सगळ्यांच्या आधी कळलं होतं. तेव्हापासून ते रोज कोनाडा बघून जात होते आणि मला पुढचा दिवस देत होते. त्यांच्या लेकीचं घर, जावई, तो व्यापारी, सगळं त्या दिवसाच्या पलीकडं थांबलं होतं. मी ढेकूळ दिलं की ते सुटणार होते. आणि दिलं की माझं कपाळ पुसलं जाणार होतं. हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मागितलं नाही.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बकरीदपतुर थांबू." मग स्वतःच म्हणाल्या, "कशासाठी थांबायचं पण."

दसऱ्याच्या दिवशी लोक सोनं लुटायला बाहेर पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली. आरशात न बघता हातानंच कुंकू पुसलं. कोनाड्यातलं ढेकूळ उचललं. पावसाळाभर त्याला ओल धरली होती, आता ते वाळून भेगाळलं होतं. मी चपला घालायला गेले तेव्हा सासूबाई आतूनच म्हणाल्या, "अनवाणी जा. तो अनवाणी जायाचा." त्या बाहेर आल्या नाहीत.

गल्ली रिकामी होती. चाचा दारात बसले होते, कापूस पिंजायची धनुकली भिंतीला टेकवलेली. माझ्या हातात काय आहे ते बघून ते उठले. "बेटी, अजून बकरीद..." एवढंच म्हणाले.

मी म्हणाले, "चाचा, ते येणार नाहीत."

हे वाक्य मी तोपर्यंत मनातसुद्धा म्हटलं नव्हतं. यजमानांनी इतकी वर्षं दारोदार जाऊन आपण कधी नसणार ते सांगितलं. शेवटचं सांगणं तेवढं माझ्याकडं राहिलं होतं. मी रीतीप्रमाणं उभी होते. चाचांनी ओंजळ पुढं केली. ढेकूळ हातातून हातात जाताना त्याची एक कड निसटून खाली पडली. चाचांनी वाकून तीसुद्धा वेचली. चाची आतून आल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून खाली बसवलं. पाण्याचा गडवा पुढं केला. मी प्यायले. बकरीद दुसऱ्या दिवशी होती की तिसऱ्या, मला नक्की आठवत नाही. घरात काही शिजत नव्हतं एवढं आठवतं.

घरी आले तेव्हा सासूबाईंनी कोनाडा शेणानं सारवून ठेवला होता.

चाचांनी तुकडा त्या व्यापाऱ्याला दिला. निघायच्या आदल्या दिवशी ते आमच्याकडं आले. मी सतरंजी टाकली, ते बसले नाहीत. सासूबाई पाणी घेऊन आल्या, चाचांनी हात नुसता उरावर ठेवला. पायरीखाली उभ्यानंच म्हणाले, "बेटी, उद्या जाऊन राहिलो. पुढच्या आखाडात येतो. वरीस सरायच्या दिवसाला."

माझ्या यजमानांनी अशा वेळी जसं सांगितलं असतं, अगदी तसं. मी बरं म्हणाले. सासूबाई भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या.

पुढच्या आषाढात पाऊस चांगला होता. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी ओसरी लवकर झाडली, पाण्याचा तांब्या भरून पायरीशी ठेवला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच वाचत बसले. कुणी आलं नाही. ज्याला फार घाई त्याला लांबचा दिवस सांगतात; माझा दिवस अजून लांब असेल, असं मी मनाशी म्हणाले. तो तांब्या मी पुढच्याही वर्षी ठेवला.