नणंदेची नाव

माझी नणंद आणि तिचा नवरा गेली चार वर्षं नावेत राहतात. पावसाळ्यात नाव वर ओढून ठेवावी लागते, तेवढे महिने ती दोघं डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये काढतात. बाकी वर्ष पाण्यावर. शिवडीहून निघायचं, धरमतरच्या खाडीत शिरायचं, तिथून बाहेर पडून रेवदंडा, दिघी, बाणकोट, दाभोळ असं खाली सरकत राहायचं. खाडी नेईल तितकं आत जायचं, कंटाळा आला की पुन्हा समुद्र. ऐकणारे म्हणतात, "काय नशीब काढलंय!" मीही म्हणते. फक्त म्हणताना माझे दात एकमेकांवर घट्ट बसलेले असतात.

हेवा वाटतो असं सांगितलं की लोक हसून सोडून देतात. माझं तसं नव्हतं. मी जळत होते.

मी शिवडीच्या कोळीवाड्यातली. बाबा तांडेल, म्हणजे नाव चालवणारे; नाव स्वतःचीच होती. तिच्यावर निळ्या फळीवर पिवळ्या अक्षरांत माझं नाव रंगवलं होतं. पण तिच्यावर पाय ठेवायला मिळायचा तो वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला, तोही धक्क्याला बांधलेली असताना. बायकांनी मासळी निवडायची, सुकवायची, विकायची. समुद्र पुरुषांचा. दहा वर्षांची असताना मी एकदा जाळ्यांच्या ढिगाखाली लपून बसले होते. नाव सुटायच्या आधीच सापडले. बाबांनी मारलं नाही. खांद्यावर टाकून धक्क्यावर आणून उभी केली आणि म्हणाले, "पोरी, नाव तुझी हाय, पन दर्या तुझा नाय."

त्यांनाही वाईट वाटलं असणार, कारण त्यानंतर रोज संध्याकाळी ते मला पाण्याचा हिशेब शिकवू लागले. आज तिथी कोणती? चतुर्थी. चाराचे पाऊणपट किती? तीन. म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. ओहोटीला आम्ही सुकती म्हणतो. "भरतीला भुलू नको," बाबा म्हणायचे, "सुकतीला काय उरंल ते बग." बाबा गेल्यावर नाव भावाकडे गेली आणि दोन वर्षांत त्याने ती विकली. मला विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

तोवर मी नर्स झाले होते आणि परळच्या एका इस्पितळात कामाला होते. तिथेच सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी नवऱ्याची ओळख झाली. त्यांचं घर लालबागच्या चाळीत, मूळ गाव मालवणकडचं, सासरे गिरणीत. लग्न आम्ही ठरवलं, घरच्यांनी पदरात घेतलं. नणंद माझ्याहून वर्षाने मोठी, तेव्हा लग्नाची होती. लग्नानंतर पहिल्यांदा आई मला भेटायला आली ती टोपलीत पापलेटं घेऊन. नणंदेने ओढणी नाकाला लावली, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि आई जिना उतरत असतानाच मला म्हणाली, "वहिनी, तुझ्या आईला सांग ना, येताना टोपली नको आणू. मजल्यावरचे लोक बोलतात." पापलेटं सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ली. मासे सगळ्यांना हवे होते, वास कोणालाच नको होता. आई पुढे कायम स्टीलच्या डब्यात मासे घेऊन यायची, वर फडकं बांधून.

नणंदेचा नवरा जहाजावर इंजिनीअर. त्याने नोकरी सोडली आणि ओळखीतल्या एका कोळ्याची जुनी मासेमारीची नाव घेतली. रे रोडच्या वखारीतून लाकूड आणून वर्षभर ती दुरुस्त केली. वर केबिन बांधली, आत शेगडी, बेसिन, दिवे. ज्या खणात बर्फ आणि मासळी भरायचे, तिथे त्यांचा पलंग आला. नाव पाण्यात सोडायच्या पूजेला भावोजी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही कोळ्याची लेक. नारळ तुम्हीच वाढवा." मी वाढवला. डोळ्यांत पाणी आलं ते नणंदेला आनंदाचं वाटलं. तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आत ये, माझी खोली बघ." मी त्या खणात उतरले. नव्या रंगाखालून मासळीचा वास येत होता. तो तिला येत नव्हता, की आता चालत होता, कोण जाणे.

त्यानंतर फोटो सुरू झाले. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर एक. धुक्यातली खाडी, नावेच्या काठावर बसलेला बगळा, पितळी कपातला चहा. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला आहे आणि आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन इमारतींच्या मध्ये हाताएवढं पाणी दिसतं. मी ते पाणी बघत तिचे फोटो बघायचे आणि चुका शोधायचे. दोर कसा गुंडाळलाय बघा. कोणत्या बाजूला नांगर टाकलाय बघा. मग एक हृदय पाठवायचे आणि पोळ्या लाटायला घ्यायचे. एकदा त्यांच्या नावेचा पाण्याखालचा पंखा खाडीतल्या जाळ्यात अडकला आणि दोन दिवस एका जागी बसून राहावं लागलं. त्या दिवशी मी घरात गुणगुणत होते. नवऱ्याने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही."

मी निवृत्त झाले त्या डिसेंबरात तिने बोलावलं. नवरा मांडव्याच्या बोटीतही ओकतो, तो आला नाही. मी एकटी एसटीने बाणकोटला गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर राहायला नावेत चढले. मी छपन्न वर्षांची होते.

चार दिवस आम्ही हरिहरेश्वर, श्रीवर्धनच्या बाजूला फिरलो. मला झोप येत नव्हती, इतकं ते सुख होतं, आणि ते दुसऱ्याचं होतं. पहाटे उठून मी पुढच्या टोकाला जाऊन बसायचे. मग नणंद चहा घेऊन यायची आणि शेजारी बसून मला समुद्र समजावून सांगायची. "वहिनी, ही बघ, ही जी रेघ दिसते ना, तिथे दोन प्रवाह मिळतात." "वहिनी, घाबरू नकोस हं, लाइफ जॅकेट आहेत." मी "हो का ताई?" म्हणायचे. आम्ही जेट्टीला लागलो की बायका तिला हाक मारायच्या. कोणी शेवग्याच्या शेंगा द्यायचं, कोणी कालवं. ती "माझी नाव" असं म्हणायची, आणि प्रत्येक वेळी मला ते ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी आम्ही परत बाणकोटला, सावित्रीच्या खाडीत शिरलो आणि बरंच आत गेलो. दुपारी एकच्या सुमाराला भावोजींनी खाडीच्या एका फाट्यात, खारफुटीच्या अगदी जवळ नाव घेतली. पाणी काठोकाठ होतं, झाडांची खोडं बुडाली होती.

"मागच्या आठवड्यात चार दिवस इथेच होतो," भावोजी म्हणाले. "वारा लागत नाही. झकास जागा आहे."

"पाणी पुरेल ना हो?" नणंदेने विचारलं.

"पुरेल की. मागच्या वेळी मोजलं होतं, ओहोटीलाही खाली मीटरभर राहिलं होतं."

मागच्या आठवड्यात अष्टमी होती. भांग. आज पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. मला मोजायचीही गरज नव्हती. बाबांनी ते माझ्या हाडांत भरलं होतं. चार वाजेपर्यंत ही नाव चिखलात बसणार हे मला समोर दिसत होतं. एक वाक्य पुरे होतं.

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर ते विसरणं नव्हतं, भिडस्तपणाही नव्हता. मला ती नाव बसलेली बघायची होती. भावोजींचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, नणंदेने "आता काय करायचं?" म्हणून इकडेतिकडे बघितलेलं बघायचं होतं. तेवढंच. मी उशीला टेकून मासिक उघडलं आणि पाण्याकडे लक्ष ठेवून राहिले. तीनला खोडं उघडी पडली. साडेतीनला काठावर खेकडे दिसू लागले. भावोजी झोपले होते. नणंद म्हणाली, "चहा टाकते," आणि खाली गेली.

नाव आधी नुसती थरथरली. मग तळाखालून करकर आवाज आला आणि ती एका अंगावर कलंडली, सावकाश, पण थांबली नाही. माझ्या हातातलं मासिक घसरलं. खालून भांडी पडल्याचा आवाज आला, आणि नंतर नणंदेची किंकाळी.

उकळत्या चहाचं पातेलं तिच्या दोन्ही पावलांवर सांडलं होतं. मी कशी खाली उतरले आठवत नाही. तिला ओढून बाहेर काढली, पैंजण आणि जोडवी आधी काढली, आणि प्यायच्या टाकीचं पाणी पावलांवर ओतत बसले. वीस मिनिटं, मग आणखी वीस. उजव्या पायावर फोड धरत होते. पस्तीस वर्षं मी भाजलेली माणसं पाहिली होती. त्यातलं एकही माणूस माझ्यामुळे भाजलं नव्हतं.

भावोजी तिरक्या डेकवर बसून होते. बाजूला जिथे पाणी होतं तिथे आता चिखल चमकत होता. "चूक माझी आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "माझीच. इंजिनखान्यात जन्म गेला, पाण्याकडे बघायला शिकलोच नाही. तिला मी मारलं असतं आज."

त्यांनी हे चौथ्यांदा म्हटलं तेव्हा मला सहन झालं नाही.

"ताई," मी म्हटलं, "मला माहीत होतं."

"काय?"

"पाणी जाणार ते. दुपारीच कळलं होतं."

तिने पाय मागे घेतला नाही. माझ्याकडे बघत राहिली. "मग बोलली का नाहीस?"

माझ्या तोंडून जे आलं ते मलाही अपेक्षित नव्हतं. "माझी आई टोपली घेऊन आली होती तेव्हा तुम्ही नाक दाबलं होतंत."

"कधी?"

"चौतीस वर्षं झाली."

ती खरोखर आठवायचा प्रयत्न करत होती. कपाळाला आठ्या घालून, दुखत असतानाही. मग म्हणाली, "नाही गं आठवत मला."

मी जे इतकी वर्षं उराशी धरून बसले होते, ते तिच्या मनातून केव्हाच निघून गेलं होतं. मला जास्त राग आला. मी म्हटलं, "नुसतं तेवढंच नाही. ही नाव माझ्याकडे असायला हवी होती. तुम्हाला यातलं काय कळतं? मी तांडेलाची मुलगी आहे."

"म्हणून पाय भाजलेस माझे?" ती म्हणाली.

भावोजी उठून पलीकडे गेले. संध्याकाळभर आम्ही तिघं त्या कलंडलेल्या नावेत, भिंतीला पाय लावून बसलो. भरतीने नाव पुन्हा उभी केली, तोवर मी तिचं ड्रेसिंग दोनदा बदललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बाणकोटला उतरवलं. भावोजींनी माझी पिशवी जेट्टीवर ठेवली आणि "सांभाळून जा" एवढंच म्हणाले. नणंद वर आली नाही.

ग्रुपवरचे फोटो थांबले. नवरा विचारायचा, "तुमचं काही झालं का?" मी त्याला महिनाभराने सांगितलं. तो म्हणाला, "तू असं करशील असं वाटलं नव्हतं." मलाही वाटलं नव्हतं. मी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. पायांचं कसं आहे ते नवऱ्याकडून कळायचं. उजव्या पावलावर डाग राहिला.

फेब्रुवारीत एका सकाळी तिचाच फोन आला. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"आज एकादशी आहे. दाभोळच्या खाडीत आहोत. किती वाजता भरती?"

"सव्वाआठला," मी म्हटलं. "पाणी मध्यम. पण चार दिवसांनी उधाण आहे, तेव्हा काठाला राहू नका."

"बरं," म्हणाली आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः हिशेब करून सांगितला आणि मी फक्त "बरोबर" म्हटलं. पंधरा दिवस हेच चाललं. फोन ठेवला की मला बरं वाटायचं आणि लगेच वाईटही वाटायचं, कारण बाबांनी मला दिलेली एकुलती एक गोष्ट आता तिच्याकडेही चालली होती, आणि ती मीच देत होते. तरी देत राहिले. मला देणं लागत होतं.

मार्चात मी विचारलं. लग्नानंतर त्या घरात मी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. "ताई, मला यायचंय. पाहुणी म्हणून नको. मला नाव चालवायचीय."

ती म्हणाली, "थांब," आणि फोन हातात धरूनच नवऱ्याला ओरडून विचारलं, "अहो, वहिनी सुकाणू मागतेय. द्यायचं का?" त्यांचं उत्तर ऐकू आलं नाही. "ये म्हणतात," ती म्हणाली. "पण चहा तूच करायचा."

दाभोळहून शिवडीपर्यंत आठ दिवस लागले. दिवसातले चार तास सुकाणू माझ्याकडे असे. पहिल्या दिवशी मी नाव नागासारखी वळवत होते, भावोजी हसले. पाण्याचा हिशेब येणं वेगळं आणि नाव हातात असणं वेगळं, हे मला तेव्हा कळलं. मी आपल्यापेक्षा वाईट चालवते म्हणून नणंद खूश होती आणि तिने ते लपवलं नाही. रेवदंड्याच्या तोंडाशी लाटा उलटसुलट येत होत्या तेव्हा तिने माझ्या हातांवर हात ठेवून चाक धरलं. तिचे हात माझ्याहून खरखरीत झाले होते. जुन्या गोष्टीबद्दल आम्ही परत बोललो नाही. तिने माफ केलं का, मी विचारलं नाही.

शिवडीला ती दोघं मला उतरवून दोन दिवसांनी परत निघाली. मी निरोप द्यायला गेले. दोर मीच सोडला. नाव सरकली, मधलं पाणी वाढत गेलं, नणंद पाठमोरी होऊन काहीतरी आवरत होती. ती आत गेली आणि दार लागलं. मी धक्क्यावर उभी राहिले. तोच हेवा पेटला, पूर्वीइतकाच. काही कमी झालेलं नाही. डिसेंबरात पुन्हा जायचं ठरलं आहे.