गडव्यातली चिठ्ठी आणि पंपावरची पाटी

नागपूरहून भोपाळकडे निघालेला ट्रकवाला सावनेरच्या आसपास टाकी काठोकाठ भरून घेतो. राज्याची हद्द ओलांडली की कर बदलतो आणि पंपाच्या पाटीवरचा दरही. त्या दिवसांत पलीकडे डिझेल महाग होतं. आम्हीही भरून घेतलं आणि निघालो. मी क्लीनरपासून सुरुवात केलेला माणूस. आता ट्रक माझे आहेत आणि केबिनमध्ये बसून प्रवास करायचे दिवस मागे पडले आहेत. या वेळी मात्र ड्रायव्हर भगवानच्या शेजारी बसलो, कारण भोपाळचं काम फोनवर होत नव्हतं.

काम असं होतं. भोपाळच्या पिपलानीला लागून एक मोठा सरकारी कारखाना आहे. त्याचे सुटे भाग माझे दोन ट्रक नेतात-आणतात. करारात एक कलम आहे: सरकारने डिझेलचा दर वाढवल्यास वाढीचा फरक वाहतूकदाराला मिळेल. हे कलम जुन्या काळातलं. तेव्हा दर सरकार जाहीर करायचं आणि आदल्या संध्याकाळी पंपावर रांगा लागायच्या. पुढे दर ठरवणं तेल कंपन्यांकडे गेलं, पाटी रोज सकाळी बदलू लागली, पण कलम दरवर्षी जसंच्या तसं उतरत राहिलं. मी फरक मागितला तर उत्तर आलं की दर सरकारने वाढवलेला नाही, कंपन्यांनी वाढवला आहे. सबब कलम लागू होत नाही. असं उत्तर वाचून ज्याचं डोकं तापणार नाही त्याने धंदा करू नये.

फरक मिळाला नाही तर एक ट्रक विकावा लागणार होता. तो भगवान चालवतो तोच. हे त्याला माहीत होतं. नर्मदेपर्यंत आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही.

पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या बागा दिसतात, मुलताईनंतर जमीन वरखाली होऊ लागते आणि बैतूलजवळ सागाचं जंगल रस्त्याला येऊन भिडतं. तिथल्या एका पंपाशेजारी पोह्यांसाठी थांबलो. इकडे पोह्यांवर शेव आणि जिरावन (आंबटतिखट मसाला) टाकतात आणि जोडीला जिलबी खातात. पंपावर एक पंजाबी ट्रकवाला पंपवाल्यावर ओरडत होता.

"कल से फिर बढ़ा दिया?"

"सरदारजी, मैं तो बोर्ड बदलता हूँ. आंकड़ा ऊपर से आता है."

"ऊपर मतलब कौन?"

पंपवाल्याने बोट वर केलं. वर पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याच्याखाली एक चिमणी बसली होती. भगवान हसला. मला हसू आलं नाही.

शाहपूरचा घाट उतरून दुपारी नर्मदेच्या पुलावर आलो. भगवानने खिडकीतून नाणं टाकलं.

"फरक मिळू दे म्हणालास का?" मी विचारलं.

"ते तुमचं तुम्ही मागा, सेठ. मी माझा ट्रक मागितला."



ट्रक कारखान्याच्या मालगेटाशी लावून भगवान तिथेच थांबला. मला न्यायला अविनाशराव स्कूटर घेऊन आले होते. हे माझ्या धाकट्या बहिणीचे, शोभाचे यजमान. कारखान्यात फोरमन आहेत. पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत. क्वार्टर्स एकसारखी, प्रत्येकापुढे पपई किंवा कढीपत्ता, प्रत्येक दारात झाकलेली स्कूटर. नव्या माणसाला घर सापडू नये अशी व्यवस्था. अविनाशराव सांगत होते की त्यांनीही सुरुवातीला एकदा शेजाऱ्याच्या घरात शिरून चहा मागितला होता, आणि तो मिळालाही होता.

"दादा, हातपाय धू आणि नाश्ता कर, टाइम नाही आहे," शोभा दारातच म्हणाली. इतकी वर्षं इथे राहून तिच्या मराठीला हिंदीचं पाणी लागलं आहे. "आज आमच्या मराठी मंडळात वादविवाद आहे. तुझं नाव दिलंय मी."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर भांडला असतास. तिथे भांड."

विषय होता: तेल कंपन्यांच्या वाढीव नफ्यावर वाढीव कर लावावा की नाही. त्या महिन्यात दिल्लीपासून पानाच्या टपरीपर्यंत हाच वाद चालू होता. दर कडाडले आहेत, कंपन्या गबर झाल्या आहेत, असं एक बाजू म्हणे. कर लावला तर तोही गिऱ्हाइकाच्याच माथी बसेल, असं दुसरी.

मंडळाची एक रीत मला पाहायला मिळाली. आपली बाजू आपण निवडायची नाही. पितळी गडव्यात (तांब्यात) चिठ्ठ्या असतात. हात घालून जी निघेल ती बाजू मांडायची. वसाहतीत साहेब आणि त्याचा कारकून एकाच रांगेत राहतात आणि एकाच सतरंजीवर बसतात. जो तो मनातलं बोलू लागला तर दुसऱ्या दिवशी कचेरीत त्याची आठवण निघेल. चिठ्ठीचं बोलणं कुणाच्या अंगाला चिकटत नाही. शिवाय दुसरा नियम: मंडळातलं मंडळात. कारखान्याच्या फाटकाआत त्याचा उच्चार करायचा नाही.

मला कर लावण्याची बाजू आली. माझ्या समोरच्या बाजूला जे गृहस्थ उभे राहिले, ते माझी फाइल अडवून बसलेले करार विभागाचे मुळेसाहेब होते. मूळचे अमरावतीचे, चष्मा कपाळावर ढकलायची सवय, आवाज मऊ.

मी तापलेलाच होतो, त्यामुळे बरं बोललो. म्हटलं, दर कंपन्याच ठरवतात. रोज सकाळी त्यांचा माणूस आकडा पाठवतो. जगात तेल महागलं की लगेच वाढ. स्वस्त झालं की यांच्या कानावरच येत नाही. वाढवणारे हे, कमावणारे हे, तर कर यांनीच भरावा. टाळ्या पडल्या.

मुळे शांतपणे उठले. "कंपन्या ठरवतात म्हणे," ते म्हणाले. "मग निवडणूक आली की पाटी महिना-महिना का हलत नाही? कंपन्यांना मतदान असतं का? मोठ्या कंपन्या सरकारच्याच. लिटरमागचा कर सरकारचाच. दोरी सरकारच्या हातात आहे आणि दंड मात्र कंपनीला, हा कुठला न्याय?" त्यांना माझ्यापेक्षा जास्त टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात मी वाजवल्या. माझी केस त्यांनी माझ्यापेक्षा चांगली मांडली होती.

सकाळी भोंगा झाल्यावर मी त्यांच्या कचेरीत गेलो. चार कारकून, मोठा पंखा, खिडकीत गुलमोहर. बसण्याआधीच बोललो, "साहेब, काल तुम्हीच सिद्ध केलंत, दर सरकार वाढवतं. आता कलम लागू करा."

कारकुनांच्या माना खाली गेल्या. मुळ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला.

"ते चिठ्ठीचं होतं."

"चिठ्ठीचं असो, खोटं होतं का?"

"आणि तुम्ही तर भर सभेत सांगितलंत की कंपन्याच वाढवतात. ते खोटं होतं?"

"माझा ट्रक विकला जातोय आणि तुम्ही मला शब्दांत पकडता?" माझा आवाज चढला. नेहमीसारखाच चढला, तो मी कधी अडवत नाही, पुष्कळदा त्याचाच उपयोग होतो. इथे झाला नाही. मुळ्यांनी फाइल मिटली, "आज गर्दी आहे," म्हणाले आणि दुसरी उघडली.

दुपारी जेवताना सकाळचा प्रकार ऐकून शोभाने वाढणंच थांबवलं. "अरे, नियम होता ना मंडळाचा! उद्या कारखान्यात यांच्याशी कोण बोलेल?" अविनाशराव म्हणाले, "जाऊ दे ग. त्यांच्या धंद्यात बोललेला शब्द म्हणजे सौदा. आपल्याकडे बोलणं वेगळं, लिहिणं वेगळं." हे त्यांनी माझी बाजू घेऊन म्हटलं की टोमणा मारला, ते मला कळलं नाही. पण त्यात मला जे हवं होतं ते सापडलं: बोलण्यावर भांडायचं नाही, कलमातलं लिहिणंच बदलायचं.

संध्याकाळी सुट्टीच्या वेळी मी फाटकाबाहेर उभा राहिलो. मुळे स्कूटर ढकलत आले. मला पाहून थबकले. मी म्हटलं, "साहेब, सकाळी चुकलं. चहा घ्या." भोपाळात चहात चिमूटभर मीठ घालतात. नमकवाली चाय. पहिला घोट विचित्र लागतो, तिसऱ्याला चटक लागते.

"तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही," मुळे म्हणाले. "पण सरकारने वाढवला असं लिहिलं, की ऑडिटवाला विचारतो, आदेश कुठे आहे? आदेश नाहीच. कुणी काढतच नाही आता."

"मग सरकारला कलमातून काढा. कंपनीलाही काढा."

"आणि?"

"या रस्त्यावरच्या पंपाची पाटी घाला. एक तारखेला पाटीवर जो दर, त्याप्रमाणे भाडं. कोण वाढवतं ते वर्तमानपत्रवाल्यांना भांडू द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. "नव्या करारात घालता येईल. पुढच्या महिन्यात नवा करार आहेच. मागचा फरक मात्र गेला."

"गेला," मी म्हटलं. मग चहाचा दुसरा कप मागवला.

"आणि दर उतरला तर भाडंही उतरेल. एकतर्फी लिहिलं तर सही होणार नाही."

मी हसलो. इतकी वर्षं पाट्या बघत आलेल्या माणसाला दर उतरण्याची भीती कोण घालतो? "लिहा की. उतरला तर उतरला."

परतताना नर्मदेवर या वेळी मी नाणं टाकलं. भगवानने पाहिलं आणि गाडीचा वेग उगाच थोडा वाढवला. "ट्रक राहिला न, सेठ?" त्याने पूल ओलांडल्यावर विचारलं. मी होकाराची मान हलवली; फरक इथून पुढे मिळणार होता, ट्रक विकायची गरज उरली नव्हती. बैतूलच्या त्याच पंपावर पाटी पुन्हा बदललेली होती आणि आणखी कुणीतरी ओरडत होतं. मला पहिल्यांदाच त्यात पडावंसं वाटलं नाही. घरी आलो तेव्हा वाटत होतं की मागचं गेलं तरी सौदा माझाच झाला.

पाटी वाचून कळवायचं काम शोभाकडे दिलं होतं. नवा करार सुरू झाला, त्यानंतरच्या एक तारखेला सकाळीच तिचा फोन आला. मागे स्कूटर चालू होती, अविनाशराव काहीतरी ओरडत होते.

"दादा, चक्क उतरलं रे! बापरे, किती दिवसांनी!"

"नीट वाच."

"दोनदा वाचलं. पेट्रोलपण उतरलं. हे टाकी फुल करून घेतायत." ती हसत होती. रांगेतले लोकही हसत असावेत. आवाजावरून पंपावर सणच असावा असं वाटत होतं.

भाडं उतरेल तसा माझा खर्चही उतरेल, हिशेब बरोबर बसतो, हे मला कळत होतं. तरी मन खट्टू झालं. सगळा देश दर उतरावा म्हणून बसलेला, आणि मी नागपुरात फोन कानाला लावून तो उतरल्याबद्दल चुकचुकत होतो. भर सभेत ज्या तेल कंपन्यांना नावं ठेवून मी टाळ्या घेतल्या, त्यांना पाटी खाली आली की नेमकं कसं वाटत असेल, हे मला चिठ्ठी न काढताच कळलं.

"दादा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मी म्हटलं. "बरं झालं. तूही घे भरून."