पिंपावरचं भाषण

दारूबंदी आली आणि माझ्या बाबांची नोकरी गेली. ज्या माणसानं जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, त्याच्याच पोटावर तिनं पाय दिला. एवढी वर्षं झाली, पण मला ते अजून पचत नाही.

बाबा मालाडच्या पुढे एका शेठच्या व्हिस्कीच्या कारखान्यात भट्टीवर होते. जाळ सांभाळायचा, तयार माल लाकडी पिंपांत भरायचा, हे त्यांचं काम. अंगाला वास यायचा म्हणून आई त्यांना आधी मोरीत पाठवायची, मग चहा द्यायची. कारखान्याला टाळं लागलं तेव्हापासून ते मिळेल ते करत होते. कधी लाकडाच्या वखारीत हमाली, कधी नुसतंच ओट्यावर बसून राहणं. बसून राहिले की चिडचिडे व्हायचे, पण आवाज चढवायचे नाहीत. आईवर हात उगारणं तर सोडाच, ते तिला साधं ‘ए’ करूनही हाक मारत नसत.

मग कानावर आलं की शेठ त्याच जागेत औषधाला लागणारं स्पिरिट काढणार आहे आणि जुनी माणसं परत घेणार आहे. झालं! बाबांनी शेठच्या बंगल्यावर खेटे घालायला सुरुवात केली. एक दिवस शेठ म्हणाला की रविवारी आमच्या मंडळाची सहल आहे, तू ये, बायको-मुलीलाही आण, लोकांना कारखान्याविषयी चार शब्द सांग, कामाचं मग बघू.

हे मंडळ होतं दारूबंदीच्या प्रचाराचं आणि शेठ त्याचा अध्यक्ष. हसू येतंय ना? मला तेव्हाही आलं होतं. कारखाना बंद पडल्याबरोबर हा गृहस्थ एकदम सुधारला होता. घरी मात्र संध्याकाळी बाटली उघडायचा, आणि तीही कायदेशीर. ‘यांना व्यसन आहे, दारू सोडली तर प्रकृतीला धोका आहे’ असा डॉक्टरचा दाखला दिला की परमिट मिळायचं. बड्या लोकांनी असे दाखले मिळवले होते आणि त्यात कुणाला लाजबीज वाटत नव्हती.

रविवारी अंधेरीहून बस निघाली. शाळामास्तर, कारकून, महिला मंडळाच्या बायका आणि आम्ही तिघं. मी मॅट्रिकला होते. आई ठेवणीतलं लुगडं नेसली होती आणि बाबांनी दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर रक्त आलं होतं.

सकाळी बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघितली. वर पोर्तुगिजांच्या मठाच्या पडक्या भिंती, त्यांतून उगवलेले पिंपळ. मंडळाचे चिटणीस सगळं समजावून सांगत होते. एवढं मोठं राज्य का बुडालं? दारूमुळे! खालच्या लेण्यातले हातपाय तुटलेले देव दाखवतानाही त्यांनी दारू मध्ये आणलीच. मला वाटलं, आता पिंपळही दारूनंच उगवला म्हणतील. बाबा मात्र मन लावून ऐकत होते. दुपारी आपल्याला बोलायचंय, काय आणि कसं, त्याचा अंदाज घेत असावेत. झाडाखाली पुरी-भाजी वाटली, तीही त्यांना धड गेली नाही.

दुपारी कारखाना. तांब्याच्या भट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, पत्र्यातून ऊन आत येत होतं. दुसरे भग्नावशेष म्हणून हेच दाखवायला आणलं होतं आम्हाला. बाबांनी एका भट्टीवरून हळूच हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. चिटणीसांनी त्यांना एका उपड्या पिंपावर उभं केलं आणि लोकांना सांगितलं, “हे इथं कामाला होते. रोज पिऊन घरी जायचे. आज सुधारलेत. त्यांच्याच तोंडून ऐका.”

बाबा गोंधळले. त्यांनी शेठकडे बघितलं. शेठ समोर खुर्चीवर बसला होता. त्यानं मान हलवली, हं, बोल.

आणि बाबा बोलले. “होय. मी प्यायचो.” आवाज कसातरीच निघाला. मग ते बोलतच गेले. पगार उडवायचो म्हणाले. पोरीला उपाशी ठेवायचो म्हणाले. आणि शेवटी, “बायकोला मारायचो.”

सगळ्या बायका आईकडे वळल्या. एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, खरंच का हो? मला ओरडून सांगायचं होतं की हा माणूस खोटं बोलतोय. आईनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. ती त्या बाईला म्हणाली, “हो. पण आता नाही मारत.”

टाळ्या पडल्या. परतीच्या बसमध्ये बायका आईला खिडकीशी बसवून केळी देत होत्या.

पुढे शेठला स्पिरिटचा परवाना आला. बाबा धुतलेले कपडे घालून शेठकडे गेले आणि तासाभरात परत आले. शेठनं सांगितलं होतं की दारुड्याला स्पिरिटजवळ ठेवता येत नाही, सरकार परवाना काढून घेईल. बाबा म्हणाले, शेठ, तुम्हाला तर ठाऊक आहे, मी कधी शिवलो नाही. त्यावर तो म्हणाला, “मला ठाऊक आहे रे. पण तूच चारचौघांत सांगितलंस ना? साक्षीदार बसभर आहेत.” वर मंडळाच्या पुढच्या सहलीलाही ये, तुझं भाषण लोकांना फार आवडलं, असं म्हणाला मेला.

आई चुलीपुढे होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती उठली, बाबांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आता मला एकदा मारा तरी. म्हणजे त्यातलं काहीतरी खरं होईल.”

बाबा भिंतीला टेकून खाली बसले. आईनं त्यांचं ताट वाढलं.